अठराव्या झाडाची दोरी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. खरं सांगायचं तर माणसांवरही फारसा नाही, म्हणून तर ही गोष्ट सांगताना माझीच पंचाईत होते आहे...

२०१४ साल. मी ओमानमध्ये, अल खौदला राहायचो. एका कन्सल्टन्सीत जंगल-सर्व्हेचं काम. जबल अख्दर डोंगरावर दोन हजार मीटरच्या वर हवा थंड, म्हणून तिथे जुनिपरची झाडं टिकून आहेत. वीस बाय वीस मीटरचा चौकोन आखायचा, प्रत्येक झाडाला नंबराचा पत्रा ठोकायचा, छातीच्या उंचीवर टेपने घेर मोजायचा.

सहा नंबरच्या चौकोनात मी सतरा झाडं मोजली होती. पुढच्या महिन्यात माझा सहायक सावंत, कुडाळचा, एकटा गेला आणि अठरा लिहून आला. अठरावं — जुनं जुनिपर, घेर १४२ सेंटिमीटर, पत्रा नाही. दीड-दोनशे वर्षांचं झाड महिन्यात उगवतं होय? गाडीत एसी लावून बसला आणि शीट भरली, असा मला दाट संशय.

"साहेब, झाड होता," तो म्हणाला. "मी माझ्या हातान निळी दोरी बांधलंय त्येका."

दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन वर गेलो. सतरा. दोरीबिरी काही नाही. तो तिथे नुसता फिरत राहिला... मला तेही नाटक वाटलं. मी मॅनेजरला लिहून दिलं आणि खलास — पंधरा दिवसांत त्याचा व्हिसा कॅन्सल. त्याच्या दोन मुली शिकत होत्या, हे मला ठाऊक होतं.

पाच महिन्यांनी झुडपांच्या नोंदी करायला मी पुन्हा तिथेच. भर दुपार, ड्रायव्हर गाडीत. ह्या उघड्या डोंगरावर झुडपं मोकळ्यात सहसा रुजत नाहीत. म्हाताऱ्या झाडाच्या सावलीला, त्याच्याभोवती रिंगण धरून वाढतात. मी एकेक रिंगण लिहीत गेलो.

अठरा भरली.

शेवटच्याच्या मधोमध काहीच नव्हतं, ना खोड, ना बुंधा. पण खाली जुनिपरची ताजी फळं पडली होती. आणि निळी दोरी... गोल, गाठ शाबूत. बाहेरून उन्हाने पांढरी पडलेली, आतून अजून गडद निळी. कुणीतरी मुद्दाम ठेवली असणार, हाच पहिला विचार. पण कुणी? सावंत तर केव्हाच कुडाळला गेला होता. मी दोरीच्या गोलाला टेप लावला — १४२.

आजही मला ह्याचा उलगडा झालेला नाही. दोरी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, सावंतचा नंबर फोनमध्ये आहे. आणि दोरी सापडली त्या दिवशीच्या शीटवर माझ्या हातचा रिंगणांचा आकडा आहे... सतरा.