दिगंबररावांचा राजीनामा

कचेरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाकडे किस्से खिशातल्या सुपारीच्या खांडांसारखे साचतात. हात घातला की एखादं खांड हाताला लागतंच. माझ्या बहुतेक किश्श्यांत आमचे दिगंबरराव असतात, आणि ते सांगताना मी हसतो कमी, हळहळतो जास्त.

निजामाची राजवट, परभणीची कचेरी. दिगंबरराव तिथं नक्कलनवीस. कुणीही कसाही खरडलेला कागद ते सुंदर उर्दूत उतरवून द्यायचे. एकदा साहेबांनी स्वतःच्या रजेचा अर्ज त्यांच्याकडून लिहून घेतला. वरून उत्तर आलं, "रजा मंजूर. अर्ज लिहिणाऱ्याला इकडे पाठवा!" साहेब एवढे घाबरले की त्यांनी रजाच रद्द केली!

* * *

असा हा माणूस संध्याकाळी ओट्यावर गल्लीतली पोरं जमवून मराठी बाराखडी शिकवायचा. ते कुणीतरी पाहिलं आणि सेलूहून पत्र आलं. गावकऱ्यांनी नवी मराठी शाळा काढली होती आणि त्यांना मास्तर हवा होता. पगार निम्मा, डोक्यावर पत्र्याचं छप्पर, पेन्शनचं नाव नाही.

दिगंबररावांनी सगळ्या कचेरीला सल्ला विचारला. आमचे पेशकार मिर्झासाहेब छताला टांगलेल्या, दोरीनं ओढायच्या पंख्याकडे बघत म्हणाले, "जाव मियाँ! मगर वहाँ पंखा कौन खींचता?"

घरी वहिनी वैतागलेल्या. "जायचं तर जावा, न्हाई तर ऱ्हावा! महिना झाला, ताटात भाकरीसंगं सेलूच वाढायलेय मी!"

* * *

एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ते शाळा बघायला म्हणून निघाले. संध्याकाळी भेटले तर म्हणाले, "पिंगळीला जाऊन आलो."

"अहो, सेलू इकडं, पिंगळी तिकडं! गाडी चुकली का?"

"चुकली न्हाई. सेलूच्या गाडीला उशीर होता. ही आधी आली, बसलो!"

* * *

शेवटी त्यांनी राजीनामा लिहिला. एवढं देखणं अक्षर मी पुन्हा पाहिलं नाही. तारखेची जागा कोरी ठेवून कागद माझ्याकडे दिला. "अप्पा, तुझ्या खणात ठेव. मन पक्कं झालं की मागतो."

पावसाळा सरत आला तेव्हा शाळेचं शेवटचं पत्र आलं. शुक्रवारपर्यंत हो-ना कळवा. गुरुवारी दुपारी दिगंबरराव माझ्या टेबलापाशी आले. "अप्पा, दे तो कागद."

खरं सांगतो, त्या क्षणी मला फक्त माझा डबा दिसला. आठ वर्षं आम्ही दोघं एकत्र जेवत होतो. हा गेला तर मी कुणाबरोबर जेवणार? मी खण उघडला, हात फिरवला आणि म्हणालो, "सापडत नाही हो. हरवला वाटतं."

 ते एकदम हसले, "बरं झालं! सुटलो!"

दोन मिनिटांत दुसरा लिहू शकले असते. जागेवर जाऊन त्यांनी दुसऱ्याच कुणाच्या तरी अर्जाची नक्कल करायला घेतली. मला आजही माझ्या त्या खोट्याची लाज वाटते.

* * *

दोन वर्षांनी साहेब त्याच शाळेच्या पाहणीला निघाले. बरोबर आम्ही दोघं. एका वर्गात मास्तर रजेवर होते आणि पोरांनी गोंधळ घातला होता. साहेब पुढं गेले. दिगंबरराव मात्र आत शिरले, खडू उचलला आणि फळ्यावर एक मोठा 'अ' काढला. वर्ग चिडीचूप! तासभर हा माणूस शिकवत होता. साहेबांनी दोनदा बोलावणं पाठवलं, यांना ऐकूच गेलं नाही.

स्टेशनकडे परतताना त्यांच्या काळ्या शेरवानीची बाही खडूनं पांढरी झाली होती. ती त्यांनी झटकली नाही. मला राहवलं नाही.

"दिगंबरराव, तो कागद हरवला नव्हता. मी खोटं बोललो. अजून माझ्या खणातच आहे."

"ठाऊक हाय की," ते चालता चालता म्हणाले. "तुझ्या खणाला कुलूप कुठं हाय? रोज तू यायच्या आधी उघडून बघतो, हाय का म्हणून. आज सकाळीबी बघून आलो."