व्होंडाने माफी मागितली नाही

व्होंडा साइझमोर आणि मी, आम्ही दोघींनी एकाच शाळेच्या स्वयंपाकघरात हयात काढली. ती चुलीपाशी, मी वाढपाला. केंटकीच्या आमच्या या डोंगरी खोऱ्यात तिच्या हातचं घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव न खाल्लेलं पोर शोधून सापडणार नाही. मग वरच्यांनी आसपासच्या शाळा मिळवून एक मोठी शाळा केली. आमच्या स्वयंपाकघराला कुलूप लागलं आणि पोरांना पाकिटातलं गरम करून मिळायला लागलं.

माझे गुडघे गेलेलेच होते, मी घरी बसले. व्होंडा एक्कावन्न वर्षांची. तिने काही दिवस अंगणातलं गवत कापलं, घरचा छोटा पिकअप ट्रक धुतला, डेन्व्हरशी, म्हणजे नवऱ्याशी, भांडून झालं. एके सकाळी माझ्या ओसरीवर येऊन म्हणाली, "ओपल, मी वेल्डिंग शिकणार."

"कुठे?"

"हायवेवरच्या कॉलेजात. अन्न शिजवून झालं, आता लोखंड शिजवते."

मला हसू आलं. ती हसली नाही, तेव्हा मी ओळखलं की ही आता कोणाच्या बापाचं ऐकायची नाही.

आमच्याकडचं हे दोन वर्षांचं कॉलेज तसं सगळ्यांना दार उघडं ठेवतं. पण फी असतेच. ज्याचं उत्पन्न कमी, त्याला सरकार मदत देतं, परत न करायची. त्यासाठी अर्ज भरायचा. आम्ही दोघी वाचनालयात कम्प्युटरपुढे बसलो. मी प्रश्न वाचायचे, ती उत्तर द्यायची.

"सैन्यात होतीस का, विचारतायत."

"चारशे पोरांना रोज जेवू घालत होते. ते सैन्यात धरतात का बघ."

"धरत नाहीत."

"मग नाही लिही."

अर्ज गेला. उत्पन्नाच्या हिशेबाने ती मदतीत आरामात बसत होती. तरी थोड्याच दिवसांत कॉलेजातून कळवलं, की मदत मंजूर होऊ शकत नाही, मागील प्रगती समाधानकारक नाही. व्होंडाने ते दोनदा वाचलं आणि किल्ल्या उचलल्या. मी तशीच चपला सरकवून तिच्या ट्रकमध्ये चढले, कारण एकटी सोडली असती तर तिकडे काय बोलली असती देव जाणे.

मदतीच्या ऑफिसात ट्रेंट हॅलकम बसतो. जेमतेम तिशीचा, गळ्यात टाय, पण पोरगा आमच्याच खोऱ्यातला. आमच्या हातचं जेवलेला. व्होंडाला बघून तो उठून उभा राहिला.

"व्होंडाकाकू, तुमचा अर्ज चोख आहे. अडचण जुनी आहे." त्याने कम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. "तुम्ही पूर्वी इथे नाव घातलं होतंत. सेक्रेटरीच्या कोर्सला. पाचही विषयांत नापास."

"नापास कसली? मी परीक्षेला बसलेच नाही."

"तेच तर. घेतलेले विषय ज्याने पुरे केले नाहीत, त्याला नव्याने मदत देता येत नाही. तसा नियमच आहे."

"अरे ट्रेंट, तेव्हा तू जन्मलाही नव्हतास."

"कम्प्युटरला ते कुठे कळतं, काकू?"

वाट होती एक. समितीकडे अपील करायचं. त्यात दोन प्रश्नांची उत्तरं लिहायची: तेव्हा आपल्या हाताबाहेरची कोणती अडचण आली, आणि आता परिस्थितीत काय बदल झाला आहे.

आमच्या वयाच्या कोणालाही ती अडचण वेगळी सांगावी लागत नाही. त्या वर्षी खाणीच्या मालकाने कामगारांचा दवाखान्याचा विमा एका फटक्यात बंद केला. म्हाताऱ्यांचा, विधवांचा, सगळ्यांचा. व्होंडाच्या बापाची छाती कोळशाने भरलेली, त्याची औषधं थांबली. माणसं संपावर गेली. कोर्टाने हुकूम काढला की संपवाल्यांनी खाणीच्या फाटकापाशी फिरकायचं नाही. हुकूम संपवाल्यांना होता. मग त्यांच्या बायका, आया आणि पोरी जाऊन रस्त्यात उभ्या राहिल्या. व्होंडा तेव्हा वीस वर्षांची. टाइपरायटर तसाच टाकून ती कॉलेजातून जी निघाली, ती थेट फाटकावर. कोळशाचे ट्रक यायचे, बायका हलायच्या नाहीत. पोलिसांनी तिला दोनदा उचलून नेलं, दोनदा ती परत येऊन उभी राहिली. बर्फ पडला, वितळला, झाडांना पालवी फुटली, तेव्हा कुठे विमा परत मिळाला. बाप त्यानंतर नऊ वर्षं जगला. कॉलेज राहिलं ते राहिलं.

ट्रेंटने आवाज खाली आणला. "काकू, वडील आजारी होते एवढंच लिहा. ते खोटंही नाही. आणि खाली एक ओळ टाका, की तेव्हा अभ्यासाचं महत्त्व कळलं नाही, आता कळलंय. समितीला बरं वाटतं."

"वडील आजारी होते हे खरं. त्यांच्या उशाशी बसायला मी कॉलेज सोडलं, हे खोटं. मी रस्त्यावर होते."

परतताना मीही तिला समजावलं. "अगं, चूक झाली म्हणायला तुझं काय जातं? तोंडाने म्हणायचं, पैसे घ्यायचे, मनात हवं ते ठेवायचं."

"कोणाची चूक झाली?"

"कोणाची म्हणजे... लिहिण्यापुरती गं!"

"ओपल, त्या रस्त्यावर माझ्या शेजारी उभ्या होत्या त्यातल्या निम्म्या आता मेल्यात. त्यांच्या माघारी मी कागदावर लिहून देऊ, की आपण उभं राहिलो ते चुकलं? फुकट मिळालं तरी नको मला असलं शिक्षण."

तिने लिहिलं ते मी वाचलंय. पहिल्या प्रश्नाखाली लिहिलं: खाणकामगारांचा विमा तोडला होता म्हणून मी फाटकावर उभी होते. दुसऱ्याखाली: माझ्यात काही बदल झालेला नाही. परत तशी वेळ आली तर परत जाईन.

समितीने अपील फेटाळलं. कारण दिलं, की विद्यार्थिनीने स्वेच्छेने शिक्षण सोडले.

डेन्व्हर म्हणाला, मी ट्रक विकतो, भर फी. व्होंडा म्हणाली, ट्रकला हात लावशील तर बघ, मदत माझ्या हक्काची आहे आणि मी ती घेणार. ती पुन्हा ट्रेंटसमोर जाऊन बसली आणि म्हणाली, समितीला माझ्या तोंडावर नाही म्हणू दे. ट्रेंटने नियम चाळले. तशी तरतूद होती, पण आजवर कोणी ती वापरलेली त्याला आठवत नव्हती.

"पुरावा आणता येतो," तो म्हणाला. "कागद किंवा माणसं."

"माणसं आणते."

सुनावणीच्या दिवशी आम्ही सगळ्या मॉडी फ्यूगेटकाकूंच्या व्हॅनमधून गेलो. मॉडीकाकू ऐंशीच्या पुढच्या, चालायला चौपायी काठी, पण ओठांना लाली लावल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाहीत. फाटकावर सगळ्यात पुढे त्याच उभ्या असायच्या. बरोबर तेव्हाच्या आणखी तिघी. दारात ट्रेंट उभा होता. रविवारच्या शाळेत मॉडीकाकूंनी त्याला बायबल शिकवलेलं.

"ट्रेंट, खांदे सरळ कर."

"हो, काकू."

आत समितीचे चौघं. मधोमध व्हिटलोबाई, अध्यक्ष. लेक्सिंग्टन शहरातून आलेल्या, बोलायला गोड आणि घाईत. बाजूला गणिताचे मास्तर, कपाळाला आठ्या. आम्हाला भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसवलं. खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा ट्रेंटने स्वतःची आणून दिली.

"मिसेस साइझमोर," व्हिटलोबाई म्हणाल्या, "आम्हाला तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुम्हाला तिथे जायची कोणी सक्ती केली होती का?"

"नाही."

"मग ती गोष्ट तुमच्या हाताबाहेरची नव्हती."

"बाई, मालकाने विमा तोडला ते माझ्या हातात होतं? कोर्टाने पुरुषांना बंदी केली ते माझ्या हातात? बापाचा श्वास लागायचा ते? माझ्या हातात होतं ते एवढंच, की घरात बसून ऐकायचं का बाहेर जाऊन उभं राहायचं."

"शिक्षण सांभाळून काही करता आलं नसतं?"

मॉडीकाकूंनी काठी जमिनीवर आपटली. "ट्रक सकाळी यायचे, बये. वर्गही सकाळीच भरायचे. मालक आमची सोय विचारून ट्रक नव्हता पाठवत."

गणिताच्या मास्तरांच्या ओठांची कड जराशी हलली, पण त्यांचा प्रश्न सगळ्यात कडक होता. "तुम्ही स्वतःच लिहिलंय की परत वेळ आली तर परत सोडून जाल. सरकारचा पैसा तुम्हाला कशाच्या भरवशावर द्यायचा?"

मी मनात म्हटलं, बाई, आता तरी जीभ आवर. व्होंडा मास्तरांकडे वळली.

"गणित जड गेलं म्हणून सोडणार नाही," ती म्हणाली. "पोरं हसली म्हणून सोडणार नाही. थकले, कंटाळले म्हणून सोडणार नाही. एवढं छातीवर हात ठेवून सांगते. त्यापलीकडचं वचन मी चर्चमध्येही दिलेलं नाही. इथे एखादी रडून म्हणाली असती, माझी चूक झाली, तर तिला तुम्ही पैसे दिले असते. ती दुसऱ्या महिन्यात पळाली असती तरी तुमचा कागद चोख राहिला असता. मी खरं सांगितलं म्हणून मला नाही. हे तुम्हाला पटत असेल तर माझ्या तोंडावर म्हणा. तेवढ्यासाठीच आलेय मी."

व्हिटलोबाईंनी पेन उघडलं, मिटलं, आणि निकाल कळवू म्हणाल्या. बाहेर आल्यावर मॉडीकाकूंना भूक लागली, म्हणून आम्ही सगळ्या हायवेवर आमच्याकडची पावासारखी मऊ बिस्किटं आणि रस्सा खायला गेलो. तिथे व्होंडा एक घास खाईना.

निकाल फोनवर आला. तीन विरुद्ध एक, मंजूर. एका सत्रापुरती मदत, सगळे विषय पास व्हायचे, मग पुढची. विरोधी मत कोणाचं, ते ट्रेंटने सांगितलं नाही. आम्ही विचारायचं काही सोडलं नाही.

सही करायला गेलो तर त्याने छापील करार पुढे केला. त्यात एक वाक्य होतं: माझ्या पूर्वीच्या बेजबाबदार वर्तनाची मला जाणीव आहे. सगळ्यांसाठी तेच छापलेलं. व्होंडाने टेबलावरचं पेन घेतलं, त्या वाक्यावर पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ मारली, बाजूला आपली आद्याक्षरं टाकली आणि खाली सही केली. ट्रेंटने कागद पाहिला. मग खिडकीबाहेर पाहिलं.

"आज काय ऊन पडलंय, नाही का?" असं म्हणत त्याने शिक्का मारला.

पहिल्या दिवशी वर्कशॉपमध्ये एका पोराने तिला विचारलं, "आजी, चुकून इकडे आलात का? शिवणकाम पलीकडच्या इमारतीत."

"पलीकडेही शिवतात, इकडेही शिवतात," ती म्हणाली. "सरक, मला जागा दे."

सुरुवातीला तिने जोडलेले लोखंडाचे सांधे वेडेवाकडे यायचे, हाताला चटके बसायचे. मोजमापाच्या गणितात पहिल्या चाचणीला ती आपटली. शिकवायला तेच आठ्यांचे मास्तर. ती वर्ग सुटल्यावर रोज त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायची, आणि ते कटकट करत परत समजावायचे. सत्र संपलं तेव्हा ती सगळ्यात पास होती, गणितात काठावर.

परवा ती माझ्याकडे आली होती. ओसरीच्या पायरीला कठडा नाही, माझे गुडघे असे, म्हणून सळया घेऊनच आली. अंगणात जाड कातडी हातमोजे चढवले, मुखवटा डोक्यावर घेतला.

"ओपल, इकडे बघू नको. डोळे जातील."

मी तोंड फिरवून बसले. पाठीमागून नुसता चरचर आवाज येत होता, आणि मधूनच ती लोखंडाला शिव्या देत होती.