तापकीरकाकांच्या दाढा

तापकीरकाका यंत्रांशी बोलत. स्क्रू आवळताना तोंड अगदी जवळ नेऊन म्हणत, "बस की बाबा गुमान. का तरास देतोस?" चिखलीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी नवी इंजिनिअर होते. मला हसू यायचं. पण माझ्या हाताला दाद न देणारं यंत्र त्यांचं ऐकायचं, मग हसणार कुणाला?

तेव्हा आमच्याकडे अंटार्क्टिकात बसवायच्या एका यंत्राचं काम आलं. हवेतला पारा मोजायचा होता. पारा वाफ होऊन हवेत हिंडतो, ध्रुवाकडे बर्फात उतरतो आणि ऊन लागलं की बराचसा पुन्हा हवेत जातो. माझ्या ड्रॉइंगमध्ये डोक्याइतक्या उंचीवर हवा ओढून घेणारी एकच नळी होती. काकांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "आन् बर्फातनं वर निघतो, त्यो कोण मोजणार? खालीबी एक नळी पायजे." बर्फालगत दुसरी नळी आली. यंत्र बसवायला काकांनीच जायचं, असं मालकांनी ठरवलं. पुण्यापलीकडे फारसे न गेलेले काका त्याच संध्याकाळी पिंपरीच्या बाजारातून दोन लोकरी कानटोप्या घेऊन आले.

आणि यंत्र रुसलं. पारा नसलेली हवा सोडली तरी आकडा शून्यावर येईना. कुठे पारा सांडला असेल म्हणून फरशी धुतली, नळ्या बदलल्या, काही उपयोग नाही. मग काका भैरवनाथाच्या जत्रेसाठी रजेवर गेले आणि दिवसभर आकडा मुकाट शून्यावर. दुसऱ्या दिवशी ते यंत्रावर वाकले, तसा चढला. मला एकदम कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं. काकांच्या चार दाढांत चांदी भरलेली होती. नावाला चांदी, त्यात निम्मा पाराच. यंत्र त्यांचा श्वास मोजत होतं.

सांगताना मला रडू आलं. "मास्क लावा ना काका, तोंड बंद ठेवून काम करा," मी म्हणाले. काकांनी दोन्ही टोप्या माझ्यापुढे ठेवल्या.

"तू जा, पोरी. बोलल्याबिगर माझ्यानं काम व्हायचं न्हाई."

मी गेले, यंत्र बसवलं. तिकडे कित्येक आठवड्यांच्या लांबलचक रात्रीनंतर सूर्य उगवला आणि काही दिवसांतच हवेतला पारा जवळजवळ नाहीसा झाला. सगळा बर्फात उतरला होता. पुढे ऊन वाढलं, तसा खालच्या नळीचा आकडा वरच्या नळीपेक्षा चढला. बर्फ पारा परत देत होता. मी फोनवर ओरडलेच, "काका, तुमची नळी बोलायला लागली! तुम्ही इथं हवे होतात."

"येडी हायेस," काका म्हणाले. "मी तितं असतो तर त्या आकड्यावर कुणाचा इस्वास बसला असता?"

मी परतण्याआधीच काका गेले. अहवालात यंत्र बसवणारी म्हणून माझं एकटीचं नाव छापलंय; खालची नळी कुणी सुचवली, ते कुठंच नाही. कुणी कौतुक केलं की अजूनही मला चोरी पकडली गेल्यासारखं होतं.