साखरपुड्यात आडवी झालेली मुलीची आई

साध्या तापानंतर अंगात जो थकवा शिरला, तो वर्ष उलटलं तरी निघेना. तपासण्या सगळ्या उत्तम. शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्याला क्रॉनिक फटिग सिंड्रोम म्हटलं. थोरल्या नणंदेच्या मते ते आळसाचं इंग्रजी नाव.

निगडीत आमच्या सोसायटीत लोक ओव्हरटाइम अभिमानाने मिरवतात. मीही त्यातलीच. जरा बरं वाटलं की माळे झाडायचे, पापड लाटायचे आणि मग आठवडाभर अंथरूण धरायचं. अंथरुणातही स्वस्थता नाही. सारखी नाडी बघ, पोटऱ्या चाचप, धडधड ऐक. एवढी कडक तपासणी नवऱ्याच्या कंपनीत सुट्या भागांचीही होत नसेल. आणि माल नापासच करायचा म्हटल्यावर खोट सापडतेच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दमायच्या आधी थांबायचं. काही नवीन वाटलं तर मला सांगा; पण ओळखीची धडधड आली म्हणून दर वेळी तिला चहा टाकायची गरज नाही.

मग मुलीचा साखरपुडा ठरला. मुलाकडच्यांच्या सोयीसाठी कार्यालय राजगुरुनगरचं, राबणं अर्थातच आमचं. मला एकच हवं होतं : अंगठी घालताना मी समोर उभी असावी. कारण पुनावळ्याला पुतणीच्या बारशात मी पहाटेपासून राबले आणि पाळण्याच्या वेळी आतल्या खोलीत मेल्यासारखी झोपले. बाळाचं नाव मला दुसऱ्या दिवशी कळलं.

या वेळी चाकणच्या चौकात गाडी अडकल्यावर सगळे कावले, मी मागच्या सीटवर पाय पसरले. कार्यालयात पोचल्यावर थेट नवरीच्या खोलीतल्या गादीवर. नणंद हळदीकुंकवाचं तबक घेऊन दारात उभी राहिली.

"मुलीची आई तू की मी गं?"

"आत्ता तुम्ही, वन्सं. अंगठीच्या वेळी मी."

तेवढ्यात धडधड सुरू झाली. बोटं सवयीने मनगटाकडे गेली. मुलगी साडी नेसत होती; तिने निऱ्या माझ्या हातात दिल्या आणि नीट धर म्हणाली. नाडी बघायला हात उरला नाही. निऱ्या बसेपर्यंत धडधड कंटाळून गेली असावी.

अंगठी घातली तेव्हा मी समोर होते. पहिल्या रांगेत, स्वतःच्या पायांवर उभी.

नंतर पंगत. मुलीच्या आईने आग्रह करत फिरायचं असतं. अंगात तरतरी होती, आणि हीच तरतरी मला दर वेळी बुडवते. मी खोलीत परत गेले. मागोमाग विहीणबाई आल्या. आता हजेरी घेणार, असं वाटलं. त्यांनी दार लोटलं, पैठणी सावरली आणि म्हणाल्या, "जरा सरका. दोन दिवस पाहुण्यांचं उपसतेय, कंबर मोडली माझी."

वन्संना दोन ताटं आत आणावी लागली.