खडकांकडे पाठ

आई जाऊन आता सात महिने झाले. तिच्याविषयी लिहायला बसले की पुन्हा पुन्हा एकच जागा समोर येते, आणि ती आमच्या घाटकोपरच्या घरातली नाही. मालाडहून बसने जाऊन पुढे बरंच चालल्यावर लागणारा एक किनारा होता. तिथे आम्ही जेमतेम एक दिवस राहिलो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गिरणी बंद पडल्यावर बाबांना चेंबूरच्या एका कारखान्यात काम मिळालं होतं. कामगारांच्या कुटुंबांसाठी कारखान्याने त्या किनाऱ्यावर तंबू उभारले होते. दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात आमचा नंबर लागला. मी अकरा वर्षांची, एकुलती एक. बाबा महिनाभर सुरूच्या झाडांविषयी बोलत होते.

झाडं खरोखर होती. त्यांच्याखाली सहा तंबू, त्यांतले दोन आडवे पडलेले. आमच्या तंबूच्या कापडाला बोट लावलं तर बोट आरपार गेलं. दोर कुजून काळे झालेले. नळ कोरडा, म्हणून शेवाळलेल्या विहिरीचं पाणी उकळून प्यायचं. संडास एकच, आणि त्याला दार नव्हतं.

"दरवाजा रिपेअरला गेलाय," रखवालदार म्हणाला.

"कधी?" आईने विचारलं.

"मागच्या पावसाळ्यात."

आई बाबांकडे वळली. "अहो, तुमच्या साहेबांना सांगा, पुढच्या वेळी भिंतीपण रिपेअरला पाठवा."

ती हसली, पण मला तेव्हापासूनच भीती वाटू लागली होती. कशाची ते सांगता आलं नसतं. त्या जागेकडे कुणाचं लक्ष नव्हतं, एवढं मात्र कळत होतं.

सकाळी आईचं पोट बिघडलं. संडासासमोरच्या झाडाखाली शेजारच्या तंबूतले पुरुष पत्ते कुटत बसले होते. आईने बराच वेळ कळ काढली. शेवटी बाबांनी किनाऱ्यापासून थोडं आत समुद्रात असलेले मोठे काळे खडक दाखवले. मधला पट्टा खोलगट होता, पण तेव्हा त्यात घोट्याएवढंच पाणी होतं.

"तिथे कुणाची नजर जायची नाही," बाबा म्हणाले.

"आणि पाणी आलं म्हणजे?" आई देशावरची. समुद्राचं तिला काहीच ठाऊक नव्हतं.

बाबा कोकणातले. त्यांनी बोटांवर हिशोब केला. "अगो, आज तीज. तीन पाऊण सव्वादोन, वर दीड तास. भरती पुरी होईल पावणेचारला. बारापर्यंत खडक उघडे. आत्ताशी साडेदहा वाजतायत. जा बिनधास्त."

गावाकडे हा हिशोब कधी चुकला नव्हता. तिथीची पाऊणपट करायची, वर दीड तास धरायचा. त्यावर त्यांच्या वडिलांनी होड्या चालवल्या होत्या.

मी राखणीला गेले. बायकांची राखण आमच्याकडे ठरलेली असे: आत गेलेलीकडे पाठ करून बसायचं, कुणी पुरुष येताना दिसला तर खोकायचं, आणि मधून मधून हाक मारायची. आई तांब्या घेऊन पट्टा ओलांडून गेली, मोठ्या खडकाआड दिसेनाशी झाली. मी वाळूत बसले, छावणीकडे तोंड करून, आणि पुस्तक उघडलं.

"आई?"

"आहे गं."

पान उलटलं. पुन्हा हाक, पुन्हा "आहे गं." मग गोष्टीत रमले, आणि किती पानं हाक मारली नाही ते मला आजही सांगता येत नाही.

मागून काहीतरी गार लागलं. फ्रॉक भिजला होता. वळून पाहिलं तर पट्टा उरलाच नव्हता. तिथे तपकिरी पाणी होतं, आणि ते खडकांच्या दोन्ही बाजूंनी आत शिरत होतं.

"आई!"

ती खडकाच्या कडेला आली. तिने पातळ गुडघ्यापर्यंत वर धरलं होतं. एक पाय खाली टाकला, तशी कमरेपर्यंत आत गेली. कशीबशी पुन्हा वर चढली.

"बाबांना बोलावते!"

"नको! ते पत्तेवाले सगळे येतील. थांब, उतरेल पाणी."

मी थांबले. हे लिहायला मला सगळ्यात जड जातं. तिची लाज मला कळत होती, आणि बारापर्यंत खडक उघडे, असं बाबा म्हणाले होते. मी पुस्तक छातीशी धरून उभी राहिले. एक लाट खडकावरून गेली आणि आईची पावलं दिसेनाशी झाली. तिने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी पळाले.

बाबांनी तंबूचा दोर सोडला. हिसका दिला तर तो हातातच तुटला. ते तसेच पाण्यात शिरले. पत्तेवाले खरंच आले, पाण्याच्या काठाशी ओळीने उभे राहिले. एकालाही पोहता येत नव्हतं. बाबांचं डोकं दिसायचं, मग दिसायचं नाही. मी "आई, आई" करत होते, आणि पलीकडून उत्तर येत नव्हतं.

ते परत आले तेव्हा आईने बाबांच्या मानेला अशी मिठी मारली होती, की वाळूवर आल्यावरही ती सुटेना. शिंपल्या गोळा करणारी एक कोळीण धावत आली होती. तिने आपली ओढणी काढून आईभोवती गुंडाळली.

"वर दीड तास धरला होता, पाणी पावणेचारला भरायचं होतं," बाबा तिला म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"कुठलं गाव तुमचं?"

"खाडीत आहे. आत, बरंच आत."

"मग तिथं पाणी उशिरा पोचतं. हा उघडा दर्या हाय, दादा. इथं दीड तास कुणी धरतं का?"

बाबा वाळूत बसले. त्यानंतर त्यांनी भरतीची वेळ कधीच सांगितली नाही, गावीसुद्धा नाही. विचारलं तर म्हणायचे, "दुसऱ्या कुणाला विचार."

दुपारीच निघालो. बसमध्ये आई म्हणाली, "तांब्या राहिला तिकडेच." कुणी हसलं नाही.

चाळीतल्या संडासाबाहेर मी पुढे कित्येक वर्षं उभी राहायचे, दाराकडे तोंड करून. आई चिडायची. "अगं, इथे कसली भरती येतेय?" पण हाकेला उत्तर द्यायची. शेवटी हॉस्पिटलमध्ये नर्स तिला धरून आत न्यायची आणि दार लोटून घ्यायची. मी बाहेरून विचारायचे. आवाज बारीक झाला होता, तरी यायचा: आहे गं.

शेवटच्या आठवड्यात ती खाटेवरून उठली नाही. मी तिच्याकडे तोंड करून बसले होते, हातात पुस्तक घेतलं नव्हतं. हाक मात्र मारली नाही. उत्तर आलं नाही तर, या भीतीने.