पाणबुडीतला व्हॉल्व्ह आणि लिंबाखालचा रेडिओ

मी खोटं बोललो होतो. आजवर कुणाला सांगितलं नाही. आता सांगतो, पण माफी मागायला नव्हे.

पन्नासच्या दशकात रिठदजवळच्या आमच्या गावाला बॅटरीवरचा सरकारी रेडिओ मिळाला. तो चावडीत ठेवला होता. संध्याकाळी बाप्ये आत बसून ऐकत. आई चुलीपुढून उठून दारात येई, दोन शब्द पकडी, तोवर भाकर करपे. गावकुसाबाहेरच्या लोकांना तर चावडीची पायरीच बंद होती.

मग रेडिओ मुका झाला. मी तेव्हा मुंबईला एका भंगारवाल्याकडे होतो. महायुद्धानंतर मोडीत निघालेल्या आरमारी यंत्रांचे सुटे भाग निवडायचे, हे माझं काम. पाणबुडीतून टॉर्पेडो सोडायच्या यंत्रातले व्हॉल्व्ह, दिसायला काचेचे छोटे दिवेच, पोत्यानं येत. वरचा आकडा जुळला की तोच व्हॉल्व्ह रेडिओतही चाले. आमच्या रेडिओतला जळाला होता, म्हणून तसला एक मालकाला सांगून मी गावी आणला.

चावडीचा कारभार थोरल्या काकांकडे होता. वडलांमागे त्यांनीच मला वाढवलेलं. मी व्हॉल्व्ह बसवला, पण बॅटरीची तार मुद्दाम सैल ठेवली. रेडिओ गप्पच.

"काका, याले बाहेर लिंबाखाली न्या लागते."

"काहून?"

"पाणबुडीतला माल आहे. कोंडलेली हवा त्याले सोसत नाही."

शेजारी बसलेले गावचे पाटील हसले. "पाणबुडीत काय मोकळी हवा राह्यते काय बे?"

"म्हणूनच त, पाटील. जलमभर कोंडून राह्यला. आता नाही कोंडून घेत."

चावडीपुढच्या कडुलिंबाखाली तार घट्ट केली, रेडिओ बोलू लागला. सगळ्यांना पटलं.

झाडाला पायरी नव्हती. आधी बायका लांब उभ्या राहिल्या, मग बसल्या. पलीकडच्या अंगाला गावकुसाबाहेरची माणसं आली. कुणी कुरकुरलं की काका म्हणत, "त्याले हवा लागते म्हणे. मी काय करू?"

पुढच्या हिवाळ्यात काकांची छाती भरली, ते खाटेला लागले. मी सुट्टीवर आलो तर म्हणाले, "एक डाव माह्या खाटेपाशी आण. नाही वाजला त नाही वाजला."

एकदा घरात वाजला असता तर दुसऱ्या दिवशी तो चावडीत गेला असता, कायमचा. हे मला कळत होतं. काकांच्या तोंडाकडे बघवेना.

"नाही वाजत, काका."

"मंग मलेच बाहेर ने."

खाट जड होती. उचलायला मी हाक मारली, तर पलीकडच्या अंगाचे दोघे आधी धावले. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांचा स्पर्श टाळलेला माणूस. म्हणाले, "हळू रे बाप्पा, पाय लागते मातीले." बाजारभाव झाले, भजन झालं. ते खोकत होते, पण आत न्या म्हणाले नाहीत. चार-पाच संध्याकाळी असंच चाललं. मग गेले. ती थंडी मी त्यांना लावली, हे मला ठाऊक आहे. त्याचा भार अजून उतरलेला नाही.

तेराव्यानंतर काकूनं मला ओसरीत गाठलं. "खरंच नसता वाजला का रे आत?"

"नाही, काकू."

तिनं एकवार माझ्याकडे पाहिलं. मग पदर सावरून म्हणाली, "चाल, बातम्या लागल्या असतीन," आणि माझ्यापुढे लिंबाकडे निघाली.