मागं पळणारी आग

पिचकारीनं मोटार रंगवताना थोडा रंग हवेतच राहतो. तो भुवयांवर बसतो, कानाच्या पाळीवर बसतो आणि कितीही घासला तरी निघत नाही. अक्कलकोट रस्त्यावरच्या आमच्या शेडमधले किस्से माझ्या अंगावर तसेच बसलेत. आता म्हातारा झालो, तरी निघत नाहीत.

मी हवेचा पंप मारायचो आणि मल्लप्पा पिचकारी धरायचा. झटपट वाळणारा तो रंग तेव्हा नवीनच होता. ठिणगी पडली की भडकायचा. आधीच्या शेडमध्ये मल्लप्पाचा धाकटा भाऊ अशाच आगीत गेला होता. तेव्हापासून मल्लप्पा घरच्या चुलीजवळही जात नसे. बायकोच्या भाकरी होईपर्यंत बाहेर कट्ट्यावर बसून राहायचा. शेडच्या दारात वाळूच्या बादल्या त्यानंच ठेवायला लावल्या. आम्ही हसायचो, पण भरून ठेवायचो.

एकदा एक शेटजी चिरूट ओढत आत शिरले. मल्लप्पानं त्यांच्या तोंडातला चिरूट अलगद काढला आणि वाळूत खुपसला. आमच्या मालकांचा चेहराच उतरला. मल्लप्पा हात जोडून म्हणाला, "शेटजी, तुमी आत या की. ह्याला हितंच निजू द्या."

अशा माणसाकडं उतारू नेणाऱ्या एका सर्व्हिस मोटारीचे मालक आले. म्हणाले, "बॉनेटवर ज्वाळा काढून द्या. आमची मोटार लांबून ओळखू आली पाहिजे."

मल्लप्पानं दारातल्या वाळूच्या बादल्यांकडं बघितलं. मग म्हणाला, "काढतो. पर मोटार पुढं आन आग मागं पळंल. उभी आग मी काढणार न्हाय."

"का रे?"

"उभी आग बघितलीया मी."

आधी लाल, मग केशरी, कडेला पिवळा. पिचकारी धरलेला त्याचा हात थरथरत होता. त्यामुळंच की काय, ज्वाळा हलल्यासारख्या दिसायच्या.

पहिल्याच फेरीला वळसंगच्या अलीकडं खुरपणाऱ्या बायांनी ती मोटार बघितली. त्या धावत रस्त्यावर आल्या. ड्रायव्हर युसूफनं मोटार थांबवली, तर तो काही बोलायच्या आत एका म्हातारीनं शेणाची पाटी बॉनेटवर उपडी केली. दुसऱ्या बायांनी उतारूंना हाताला धरून खाली ओढलं.

युसूफ परत आला तो हसतच. "उस्ताद, आग बुझ गई. अब गोबर तुमीच निकालो."

मल्लप्पाचं तोंड पांढरं पडलं होतं. "कुणाला भाजलं न्हाय न्हवं?"

युसूफ हसायचा थांबला.

पुढं रोज संध्याकाळी मल्लप्पा त्या मोटारीपाशी जायचा आणि हाताची मागची बाजू बॉनेटला लावून बघायचा. युसूफ चिडवायचा, "गरम है क्या?"

"इंजान गरम हाय. आग थंड हाय."

"इतनाच डर है तो काढते कायको?"

"काढली की ती माझं ऐकती."

आता शेवटचा किस्सा. बाजाराचा दिवस, भर दुपार. मोटार आमच्या शेडसमोर उतारूंची वाट बघत उभी होती. आत सीटवर युसूफ आडवा होऊन झोपला होता. झाडाखाली बसलेला एक उतारू मला म्हणाला, "आज रंग लई ताजा दिसतोय की."

मलाही तसंच वाटलं. उन्हात ज्वाळा नेहमीपेक्षा झगझगीत दिसत होत्या.

मल्लप्पा दारात आला. बघत राहिला. हळूच म्हणाला, "मोटार उभी हाय. आन ही वर चाललीया."

मला काही कळायच्या आत तो पळाला. चुलीला भिणारा माणूस, तो थेट मोटारीत शिरला आणि त्यानं युसूफला पाय धरून बाहेर ओढलं. मग बादल्या. आम्ही सगळे वाळू टाकत होतो आणि तो पेटलेलं बॉनेट दोन्ही हातांनी उघडून धरत होता.

हात बरे झाल्यावर त्यानंच ते बॉनेट परत रंगवलं. सगळ्या ज्वाळा मागं पळणाऱ्या. मधोमध एकच सरळ उभी.

मोटारीचे मालक म्हणाले, "मल्लप्पा, ही एक अशी का?"

मल्लप्पानं हाताची मागची बाजू तिला लावली. थोडा वेळ तशीच ठेवली.

"ऱ्हाऊ द्या. आता थंड हाय ती."